टिपणीस सरांची छडी

मी छडी बोलतेय. नाव ऐकून तुमचा हात नकळत मागे गेला असेल, तर मी समजू शकते.

माझा जन्म डांगच्या रानातला, बांबूच्या बेटातला. तिथून सुरतेच्या बाजारात आले आणि एकोणीसशे सहासष्टच्या सुमारास एका मराठी शाळेत टिपणीस सरांच्या हाती पडले. सर मनाने वाईट नव्हते. लहानपणी स्वतः मार खाऊन शिकलेले. माराशिवाय मुलं घडतात, हे त्यांनी कुठे पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी ते मला काखेत धरून घरी नेत. तिथे त्यांचा मुलगा दिलीप होता.

वर्गात लोटू नावाचा खानदेशातला मुलगा होता. आईवडील दोघेही कापडाच्या कारखान्यात. एकदा त्याला यायला उशीर झाला. सरांनी कारण विचारलं.

"माय कारखानामा गयथी, भाऊले सांभाळी ऱ्हायनू."

"शुद्ध बोल!" सर गरजले. लोटू पुन्हा तेच बोलला, कारण त्याला दुसरं येत नव्हतं. मी त्याच्या तळहातावर पडत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई धुरपदाबाई कारखान्यातली पाळी बुडवून थेट वर्गात आली. पोराला भाकरी मोडता येत नव्हती, एवढा हात सुजला होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्वतःचे दोन्ही हात सरांपुढे धरले.

"मास्तर, हाई बोली त्याले मी शिकाडी. मारनं व्हई ते मना हातवर मारा."

 सरांची मूठ माझ्याभोवती घामाने ओली झाली.

"तुम्ही घरी मारत नाही का त्याला?"

"मारस ना. पन बोलना म्हनीसन नही मारस."

ती हलेना. सरांना वर्गाकडे बघवेना. शेवटी त्यांनी मला टेबलावर टाकलं. "जा बाई. बसू दे त्याला जागेवर."

त्या संध्याकाळी सर घरी आले ते खुर्चीत नुसते बसून राहिले. दिलीप पाण्याचा पेला घेऊन आला. सरांनी पेल्यासाठी हात उचलला, तर पोराने पेला झटकन खाली ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि तळहात पुढे केला.

"काय केलंस तू?" सरांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

सर बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिले. तो हात धरायचं त्यांच्या मनात होतं, मला दिसत होतं. पण त्यांना ते जमलं नाही. ते उठले आणि मला माळ्यावर फेकून दिलं.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली, दिलीप आता नोकरीला लागला आहे. बापाशी बोलतो तो दारात उभा राहून, कामापुरतं. मी इथे धुळीत पडून आहे. मला भुंगा लागलाय, आतून पोखरतोय. माझी एकच विनवणी आहे. कधी माळा साफ करायला चढलात, तर त्या भुंग्याला हाकलू नका. त्याचं काम पुरं होऊ द्या.