महाराजांच्या दाढीतली वात

फार जुन्या काळची गोष्ट. विजेचे दिवे तेव्हा नव्हते, अर्धवट शहाणे मात्र भरपूर होते. राजवाड्यातल्या चरबीच्या मेणबत्त्या रोज नाहीशा होत होत्या. कारभाऱ्यांनी गादीवरून न उठताच चोर पकडला: उंदीर! म्हणजे मांजर कामचुकार. संध्याकाळी तिला नदीपलीकडच्या रानात सोडून यायचं, असा हुकूम सुटला.

ती मांजर म्हणजे नकटी. मेणबत्त्या करणाऱ्या काकूंनी तिला बोटाने दूध चाटवून वाढवलं होतं. काकूंना रडू आवरेना. नकटीला रडायला वेळ नव्हता, ती तपासाला लागली.

काकू एका वातीची दोन्ही टोकं चरबीत बुडवत आणि ती जोडी छताजवळच्या दांडीवर सुकत घालत. दांडी इतकी उंच की नकटीनेही तिथे हात टेकले होते. उंदीर तिथे पोचत असतील, तर ते शिडी घेऊन येत असणार. शिवाय उंदीर चुरा सांडतो, वात टाकून जातो. इथे दोन्हींचा पत्ता नव्हता. कारभाऱ्यांनी एकदा मान वर केली असती तर कळलं असतं, पण त्यांच्या मानेला फक्त झुकायची सवय.

नकटी वास घेत निघाली. वास जिना चढला, दरबारात शिरला आणि थेट सिंहासनापाशी थांबला. राजवैद्यांनी महाराजांना महिनाभर नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं होतं. तरी गाल कसे तुकतुकीत! वैद्यबुवा त्याचं श्रेय भाज्यांना देत होते.

नकटीने महाराजांच्या मांडीवर उडी मारली आणि दाढीतून एक वात ओढून काढली.

"बघा!" कारभारी ओरडले. "उंदीर महाराजांच्या दाढीपर्यंत पोचले! न्या त्या मांजरीला!"

शिपायाने नकटीची मानगूट धरली. नकटीमागोमाग आलेल्या काकूंनी तोंडाला पदर लावला. महाराज गप्प बसले असते तर त्यांना विचारणारं कोण होतं?

"सोड तिला," महाराज पुटपुटले. "मीच खाल्ल्या. भूक लागते मला."

दरबारात सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले. काकू तेवढ्या पुढे आल्या.

"अहो, मग सांगायचं नाही का महाराज? पोटाला कसली आलीय लाज?"

असं महाराजांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. नकटी पुन्हा मांडीवर चढली आणि उरलेली दाढी चाटू लागली. अर्धवट काम तिला खपत नसे.