तडालाची वाटी

“बादली आधी खाटेखाली सरकव, एनेलेसी. पोरीच्या डोळ्यांसमोर नको.”

“लागणारच आहे ना, सिस्टर?” एनेलेसीने बादली हलवली नाही. “मागच्या वेळी अकरा वेळा लागली. आजचा डोस शेवटचा. उद्या सकाळच्या बसने आम्ही गावी, मांगोचीला जाणार. मरायचंच असेल तर घरी मरू दे तिला. असं ओकून ओकून नको.”

सिस्टर फालेसी म्बेवे ब्लँटायर शहरातल्या त्या कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डात चौदा वर्षं काम करत होती. उपचार अर्धवट सोडून गेलेली मुलं तिला नावानिशी आठवत. एनेलेसीची तडाला आठ वर्षांची. जबड्याची गाठ दोनच डोसांत निम्मी झाली होती, आणि तरी तिची आई निघाली होती.

गेले दोन महिने फालेसी एका वहीत वेळा टिपत होती: उलटी थांबवायचं औषध कधी दिलं, उलटी कधी झाली. वॉर्डात ते औषध उलट्या सुरू झाल्यावर द्यायचा प्रघात होता. चुकून आधी मिळालेली मुलं मात्र जेवताना दिसत. तिने वही डॉक्टर न्यिरेंडांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा चाळली आणि म्हणाले, “आधीपासूनच द्यायचं. एक दिवसही न चुकवता. तडालापासून सुरू करा.”

आज सकाळी साडेआठला फालेसीने तडालाला उलटी थांबवायची गोळी दिली. सलाईन जोडायला अजून अर्धा तास होता, तेवढ्यात खिडकीतून तळलेल्या मासळीचा वास आला आणि तडालाने नाक दाबलं. फालेसी धावतच मागच्या अंगणात गेली. तिथे मुलांच्या आया चुली मांडून बसल्या होत्या.

“बायांनो, चुली त्या आंब्याखाली न्या! आत्ता!”

“का हो सिस्टर, आता आमच्या मासळीलाही सुई टोचणार?” एक म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या, पण जळती लाकडं उचलून चालू लागल्या.

नऊला डोस सुरू झाला. मागच्या वेळी सलाईनची नळी बघूनच तडालाला मळमळलं होतं, म्हणून फालेसीने तिची खाट फिरवून तोंड दाराकडे केलं आणि हातात गोरखचिंचेच्या सरबताची गोठवलेली कांडी दिली. “चोखायची हं. चावलीस तर मला अर्धी द्यावी लागेल.”

“नाही देणार,” तडाला म्हणाली.

दहा वाजले. अकरा. शेजारच्या खाटांवरच्या आया भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. बाराला तडालाने मोठा ढेकर दिला. एनेलेसीने बादली ओढली, सगळा वॉर्ड उठून उभा राहिला, आणि पोरगी खुदकन हसली.

“नुसता ढेकर आहे!”

तीनला मात्र उलटी झाली. एकदाच, थोडीशी. तडालाने तोंड पुसलं आणि विचारलं, “झालं. आता खायला काय आहे?”

साडेचारला फालेसी पुढची गोळी घेऊन आली.

“आता तर थांबलीय. मग कशाला?” एनेलेसी म्हणाली.

“थांबलेलीच राहावी म्हणून. उद्याही देणार, परवाही. उलटीची वाट बघायची नाही, बाई. तिच्या आधी पोचायचं.”

थोड्या वेळाने एनेलेसीने मक्याची पातळ लापशी करून, निववून आणली. “पोटभर घालू?”

“चार घास. मग तासाने चार घास.”

तडालाने सहा खाल्ले. तासाने पुन्हा पाच. मग तिने वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे वळून झोपून गेली. पुन्हा उलटी होते का ते बघत फालेसी अर्धा तास तिथेच उभी होती. तिची ड्युटी केव्हाच संपली होती. पलीकडच्या खाटेवरची आई आपल्या मुलीला कडेवर घेऊन जवळ आली आणि हळूच म्हणाली, “सिस्टर, हिचा डोस उद्या आहे. हिला गोळी किती वाजता?”

फालेसीने वही उघडली. त्या मुलीच्या नावापुढे तिने वेळ लिहिली.

एनेलेसी तोवर वाटी हातात धरून खाटेखाटेपाशी जात होती. वाटीच्या तळाशी दोन बोटं लापशी होती.

“उरली,” ती प्रत्येकीला दाखवत होती. “बघ ना. पोट भरलं तिचं, म्हणून उरली.”