वादळातला वाटा

वीजघराची कोळशाची भट्टी सांभाळता सांभाळता मामाचे केस पांढरे झाले. निळ्या काचेतून ज्वाळेकडे बघायचं आणि तिला भूक लागलीय की अजीर्ण झालंय ते ओळखायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्याच कमाईवर त्याने थोरल्या बहिणीच्या लेकीला शिकवलं. ती लेक आता हवामान खात्यात होती.

मागच्या आठवड्यात चक्रीवादळाने ताईच्या घरावरचे पत्रे उचलून नेले. मामा धावत गेला, तर भिजल्या गाद्यांच्या ढिगापाशी उभी ताई त्याच्यावरच कडाडली, "आलास? तुझ्या भट्टीने समुद्र तापवला, आणि छप्पर माझं गेलं!"

मामा आल्या पावली परतला. आता त्या दारात कोणत्या तोंडाने जायचं?

भाची भेटायला आली, तेव्हा त्याने चहा बाजूला सारला. "खरं सांग, तुझी आई म्हणते तसंच आहे का?"

"आई रागात काहीही बोलते, मामा."

"ती रागातच खरं बोलते. लहानपणापासून ऐकतोय."

भाचीला हसू आलं. मग ती जवळ सरकून बसली. "वादळं तुझ्या आधीपासूनची आहेत. ऊन समुद्र तापवतं, वाफ वर चढते, तिचे ढग होताना तिच्या पोटातली उष्णता सुटते. खाली हवेचा दाब उतरतो, मग चहूकडची हवा तिकडे धावते. आणि पृथ्वी स्वतः फिरतेय, म्हणून ती धावणारी हवाही गरगरते."

"बॉयलरच की गं हा! मग मी सुटलो?"

"तसं नाही. जगभर कोळसा आणि तेल जळतं, त्यातला वायू उष्णता धरून ठेवतो. समुद्र पूर्वीपेक्षा तापलाय. म्हणून आलेलं वादळ जास्त जोर धरतं, जास्त पाऊस ओततं. हे वादळ तू आणलंस असं कुणी म्हणू शकत नाही. पण त्या वाढत्या जोरात तुझा चिमूटभर वाटा आहे. माझाही आहे."

भाची "नाही" म्हणाली असती तर तो ताठ मानेने गेला असता, "हो" म्हणाली असती तर दार लावून बसला असता. चिमटीतलं एवढंसं काही कुठे ठेवायचं, ते त्याला उमगेना.

सकाळी तो पाना-हातोडी घेऊन निघाला. ताई अंगणात नव्या पत्र्यांपाशी एकटीच उभी होती.

"या, भट्टीवाले साहेब!"

"ताई, तुझ्या लेकीला विचारलं. सगळं नाही, पण थोडं माझंही आहे."

ताईचे डोळे भरले. जीभ मात्र तिचीच होती. "ते विचारायला गेलास होय? अरे, डोक्यावर छप्पर नव्हतं, भांडायला तरी घरचं माणूस हवं होतं मला. तर तूच पाठ फिरवलीस!"

मामाने शिडी भिंतीला लावली.

"वाऱ्याकडची बाजू तुझी," ताई म्हणाली, "आणि हुक जवळजवळ ठोक. पुढचं वादळ आणखी दांडगं असू शकतं म्हणते लेक."

तो वर चढला. खाली ताईने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती, आणि तोंड चालूच होतं.