बरा होणारा आजार

सकाळचे पाव भट्टीतून काढून बेकरीवाला पिठाच्या हातांनीच दवाखान्यात गेला. धाकट्या ठकीच्या अंगावर काळेनिळे डाग उठत होते, म्हणून रक्त तपासायला दिलं होतं.

"रक्ताचा कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पेशींवरची प्रथिनं तपासली, त्यावरून आजाराचा प्रकार कळतो. हिचा प्रकार औषधाला दाद देणारा आहे. अशी बहुतेक मुलं बरी होतात. मात्र उद्याच दाखल करा."

बेकरीवाल्याने हवं तेवढंच ऐकलं.

"बरी होणारच आहे ना, मग ताईचं लग्न उरकून घेऊ," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "रक्ताचा आजार म्हटलं की सोयरीक मोडलीच. महिनाभर थांबलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"आणि केस गेले तर पुढे हिला तरी कोण करणार?" आत्याने री ओढली.

आई गप्प बसली. गप्प बसण्यालाच या घरात शहाणपण म्हणत.

ठकी मावशीकडे गेली, असं शेजाऱ्यांना सांगितलं आणि तिला भट्टीवरच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांमागे ठेवलं. तिला कांजिण्या झाल्यात, नवरीने जवळ जायचं नाही, असं ताईला सांगितलं.

व्याही तारीख पक्की करायला आले, त्या दुपारी बापाने ठकीला बजावलं, "काही झालं तरी आवाज करायचा नाही. ताईचं लग्न मोडेल."

"खोकला आला तर?"

"उशीत तोंड खुपस."

एरवी या पोरीच्या तोंडाची टकळी झोपेतही बंद नसे. खाली केक कापला जात असताना वर तिचं डोकं ठणकू लागलं, नाकातून रक्त सुटलं, ते थांबेना. तिने हाक मारली नाही. पाहुणे गेल्यावर आई वर गेली, तेव्हा पोरगी उशीत तोंड खुपसून पडली होती आणि अंग गार झालं होतं.

तिला उचलून ताईच दवाखान्यात धावली. उपयोग नव्हता. खरं काय ते मात्र डॉक्टरीणबाईंकडून तिथे कळलं.

व्याहीणबाई समाचाराला आल्या.

"अचानक ताप भरला हो," बेकरीवाला म्हणाला.

"ताप नव्हता," ताई म्हणाली. "कॅन्सर होता, बरा होणारा. तुम्हाला कळू नये म्हणून तिला कोंडून ठेवलं."

"अगं, आम्हाला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर मला सून करून घेतलं असतंत?"

व्याहीणबाई चपला शोधू लागल्या. ताईने त्यांच्यादेखतच लग्नाला नकार दिला. तिच्या प्रश्नाचं उत्तर, खरं सांगायचं तर, तुमच्या-माझ्याकडे तरी कुठे आहे?