गळकी गाडी आणि दोन व्याही

गाडीत अळंबी उगवली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा मान्य केलं की आत पाणी येतंय. त्याआधी ते त्याला दमटपणा म्हणत. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, गालिच्याच्या कडेला, पांढरीशुभ्र, टोपीवाली, चांगली बाळसेदार अळंबी होती. डॉक्टर दातांचे, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी ती चिमट्याने मुळासकट उपटली, बायकोला दाखवली आणि म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." कुणाला म्हणजे व्याह्यांना, हे तिला न सांगता कळलं.

गाडी मूळची व्याह्यांची. गोल दिव्यांची, लांब नाकाची, आता रस्त्यावर सहसा न दिसणारी. विहीणबाई गेल्यानंतर वर्षभरात त्यांनी ती जावयाला, म्हणजे डॉक्टरांच्या मुलाला, देऊन टाकली. जावयाला आणि मुलीला लगोलग दुसऱ्या देशात नोकऱ्या लागल्या, आणि गाडी डॉक्टरांच्या अंगणात येऊन राहिली. अंगण उघडंबोडकं होतं. झाड नाही, वेल नाही. डॉक्टरांच्या बायकोला पालापाचोळा झाडायचा कंटाळा. त्यामुळे पाऊस पडला की तो थेट गाडीवर पडे.

व्याह्यांचा दर आठवड्याला फोन येई. ते आधी गाडीची तब्येत विचारत, मग डॉक्टरांची. डॉक्टर दोन्ही प्रश्नांना "मजेत" म्हणत. पैकी एक उत्तर खोटं असे, आणि गुडघे दुखत असले की दोन्ही.

अशातच व्याह्यांनी कळवलं की ते चार दिवस राहायला येताहेत. डॉक्टरांनी गाडीची दारं उघडी टाकली, आत पंखा लावला, गालिच्यावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला. बायको म्हणाली की सरळ खरं सांगून टाका. डॉक्टरांचं म्हणणं असं की दिलेली वस्तू आपल्याकडे येऊन बिघडली असं मुलीच्या बापाला सांगायचं म्हणजे भलतंच वाटतं. "त्यांची मुलगीही आपल्याकडे आली," बायको म्हणाली, "तिच्याबद्दल त्यांनी अजून तक्रार केलेली नाही."

व्याही आले. उंच, वाळलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेले गृहस्थ. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात, इंजिनिअर म्हणून काढलेली. घरात बॅग ठेवण्याआधी ते गाडीत जाऊन बसले. नाकाने एक श्वास घेतला. मग वाकून शेजारच्या सीटखाली तळवा घातला आणि ओला तळवा बघत राहिले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माझ्याकडे ही कधी गळली नाही."

डॉक्टरांनी हवापाण्यातल्या फरकाबद्दल काहीतरी सांगितलं. व्याह्यांनी ते ऐकून घेतलं. जेवताना मात्र त्यांनी विषय हातात घेतला. गाडीत पाणी येतं ते दोन ठिकाणांहून, ते म्हणाले. आभाळातून किंवा इंजिनातून. इंजिनातलं पाणी बोटांना चिकट लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. हे चिकट नव्हतं. म्हणजे आभाळातलं. पण पाणी जिथे दिसतं तिथून ते आत शिरलेलं नसतं, आतल्या आत कुठूनही कुठेही जातं. एकदा त्यांनी अर्धा रस्ता उकरला होता आणि फुटलेला पाइप पलीकडच्या गल्लीत निघाला होता. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं की दुःखाने, ते डॉक्टरांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. दोघांनी मिळून शेजारची सीट काढली. तिचे नट गंजलेले होते आणि दोघंही एकमेकांना "राहू द्या, मी काढतो" म्हणत असल्यामुळे वेळ बराच गेला. गालिचा उचलला, खालचं नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं अस्तर पिळलं तर पाणी निघालं. लोखंडी तळ पुसून त्यावर वर्तमानपत्रं अंथरली, म्हणजे थेंब कुठे पडला ते लगेच कळावं.

आता एकाने काचा लावून आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. व्याही म्हणाले की पाण्याचा अनुभव त्यांचा, तेव्हा आत ते बसतील. पाणी खालून वर न्यायचं. आधी दाराची खालची कड, मग काच, मग पुढच्या काचेचं रबर, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळं एकदम भिजतं आणि चोर सापडत नाही. आतून काचेवर एकदा टकटक म्हणजे पुढे चला, दोनदा म्हणजे थांबा. डॉक्टरांना हे सगळं मंजूर होतं. आयुष्यभर त्यांनीच लोकांना गप्प बसवून हाताच्या खुणा करायला लावल्या होत्या.

पहिला चोर लवकर सापडला. दाराच्या आतल्या फळीमागे प्लॅस्टिकचा कागद असतो. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तो आत येऊ देत नाही. तो विरून फाटला होता. डॉक्टरांनी जाड प्लॅस्टिक मापाने कापून इतकं सफाईने चिकटवलं की व्याह्यांनी दोनदा हात फिरवून पाहिला आणि "बरं आहे" म्हणाले. डॉक्टर त्यावर दुपारभर खूश होते.

पण वर्तमानपत्र पुन्हा ओलं झालं. मग पुढच्या काचेच्या रबरावर पाणी धरायची वेळ आली. हे काम सावकाशीचं. बारीक धार, एका कोपऱ्यापासून सुरू करून इंच इंच पुढे. व्याही ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, विजेरी मांडीवर, तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडे. थोड्या वेळाने डॉक्टरांना दिसलं की ते काहीतरी बोलताहेत. त्यांनी नळ बंद केला, दार उघडलं आणि विचारलं, "काही म्हणालात?"

"नाही. चालू द्या."

पुन्हा धार सुरू झाली आणि पुन्हा व्याह्यांचे ओठ हलू लागले. या खेपेला डॉक्टरांनी नळ बंद केला नाही. तोंडात कापूस, आरसा आणि दोन बोटं असलेला माणूस काय म्हणतोय ते ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. वाहत्या पाण्याआडून त्यांना मुलीचं लाडाचं नाव दिसलं. मग फोन. मग मोतीबिंदू. मग "तू हसशील, पण". आणि व्याही स्वतःच थोडं हसले.

डॉक्टरांनी मान वळवली. काचेच्या रबराभोवती धार फिरवून झाली होती, टकटक व्हायला हवी होती आणि होत नव्हती. छताची पाळी अजून यायची होती. डॉक्टरांनी पाइप छतावर धरला. छत अखंड पत्र्याचं, तिथून गळायला काही वावच नव्हता. तरी ते धरून उभे राहिले. पाणी चारी बाजूंनी ओघळलं, अंगणात तळं झालं, चप्पल भिजली.

बायको दारात आली. "अहो, धुताय की बुडवताय?"

"तपासणी चालू आहे," डॉक्टर म्हणाले. तिने आत बसलेल्या व्याह्यांकडे एकदा बघितलं आणि घरात गेली.

बऱ्याच वेळाने टकटक झाली, दोनदा. व्याह्यांनी वर्तमानपत्रावरचा ताजा ओला डाग दाखवला. छतावरून ओघळलेलं पाणी पुढच्या काचेखालच्या जाळीत शिरत होतं आणि तिथून आत. डॉक्टरांनी घरातून तोंडात घालायचा आरसा आणला आणि डॅशबोर्डखाली उताणे झोपून वर पाहिलं. जाळीखालच्या कप्प्याच्या जोडावर गंजाचं भोक होतं. "कीड लागलीय," ते म्हणाले, "पण मुळापर्यंत गेलेली नाही."

कप्प्यातलं पाणी बाहेर जायची नळी मुळात तुंबली होती. व्याह्यांनी सायकलच्या ब्रेकची जुनी तार आत सारली, फिरवली, ओढली. काळा चिखल भसकन बाहेर आला. त्यात सुयांसारखी बारीक पानं होती, वर्षानुवर्षांची, कुजून थापलेली. दोघंही ती बघत राहिले. मग दोघांनीही अंगणाकडे पाहिलं, जिथे झाड नव्हतं.

"पाला काय, वाऱ्याने कुठूनही येतो," डॉक्टर म्हणाले.

"हा सुरूचा आहे. आमच्या फाटकाशी सुरूचं झाड आहे. गाडी तिथेच उभी असायची," व्याही म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

डॉक्टरांनी गंज खरवडला, भोकाच्या कडा साफ केल्या आणि दोन पदरी लेप भरला. तो वाळेपर्यंत हलवायचं नव्हतं, म्हणून दोघं गाडीतच बसले. व्याही पुढे, डॉक्टर मागे, गुडघे पोटाशी घेऊन. काचा बंद होत्या. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

"आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत," व्याही समोर बघत म्हणाले. "एकटा माणूस आत बोलतोय म्हटलं की शेजारी काळजीने दार वाजवतात. गाडीत कोणी वाजवत नाही. रोज संध्याकाळी थोडा वेळ बसायचो. मग मुलीला वाटलं मला नीट दिसत नाही, मी गाडी चालवू नये. चालवत नव्हतोच. पण ते सांगायचं कसं? देऊन टाकली."

डॉक्टर म्हणाले की गाडी घेऊन जा, मुलांना मी सांगतो. व्याही म्हणाले की जावयाला दिलेली गोष्ट परत नेत नसतात. डॉक्टरांनी पुन्हा म्हणून पाहिलं. व्याह्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग लेप वाळला का ते बघायला दोघंही उतरले.

पुढच्या पंधरवड्यात पाऊस झाला, चांगला आडवातिडवा. डॉक्टर छत्री घेऊन गेले, गालिच्याखाली हात घातला. तळ खडखडीत कोरडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. तेच. त्यांना फारसा आनंद झाला नाही. शेवटी त्यांनी आपणहून व्याह्यांना फोन लावला. आधी प्रकृती विचारली, मग घसा खाकरून म्हणाले की बाकी ठीक आहे, पण डिकीत थोडी ओल आल्यासारखी वाटतेय, तुम्ही एकदा येऊन बघितलंत तर बरं.

बायकोने खुणेने विचारलं, खरंच? डॉक्टरांनी मानेने नाही म्हटलं.



"डॉक्टर," व्याही म्हणाले, "डिकीत मला बसता येणार नाही. पुढच्या दाराचं म्हणा."

"पुढचं दार," डॉक्टर म्हणाले.

"येतो मग शनिवारी."