आईच्या फोटोवरची घडी

मी एका फोटोवरची घडी बोलतेय. खरं तर वस्तू म्हणावं अशीही मी नाही. कागद मोडला, तिथे मी झाले. पण बोलायला लागले की ऐकत नाही कुणाला!

फोटो होता एका हसऱ्या बाईंचा. त्यांच्या नवऱ्याला तो शर्टाच्या खिशात हवा होता आणि खिसा निघाला लहान. त्यांनी फोटो दुमडला, वरून अंगठा दाबला आणि बाईंच्या नाकाखाली, या कानापासून त्या कानापर्यंत मी पसरले.

"अहो, तोंडच मोडलंत की माझं!" बाई करवादल्या.

खिशात राहून मला चौकशांची खोड जडली. पथ्य असताना हे गृहस्थ गुपचूप काय खातात, बाईंना किती खरं सांगतात, सगळं मला पाठ. सांगणार कुणाला, हा प्रश्न वेगळा.

पुढे बाई गेल्या. मग यांची नजरही गेली. तरी रोज फोटो काढून अंगठा फिरवायचे. मला वाटे, लाड बाईंचे चाललेत, मी आपली मधली अडचण.

कागद विरत चालला, तशी लेक त्यांना घेऊन लाकडावर नक्षी कोरणाऱ्या मशीनवाल्याकडे आली. "बाबांना हाताला आई लागली पाहिजे, दादा," ती म्हणाली.

त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. तो प्रोग्रॅम उजेड-अंधाराच्या सीमेवर रेघा ओढत जातो. कटर मग त्याच रेघांवरून फिरतो. भुवई कुठली आणि डाग कुठला, त्याला काय कळतंय! त्याने मलाही रेघ केलं. सगळ्यांत ठसठशीत! मी फुगले.

"ताई, आईंना मिशा फुटल्या बघा."

लेक डोळ्यांत पाणी येईतो हसली. "काढा हो त्या!"

एक बटण दाबलं, संपला माझा रुबाब. फोटोत तेवढी उरले. मशीनवाल्याने केस, नाक, ओठ निगुतीने साफ केले आणि एका तुकड्यावर नमुना कोरून बाबांच्या हातात दिला.

बाबांची बोटं फिरली. पुन्हा फिरली. "काम सुबक आहे. पण कोण गं ही?"

"आई आहे, बाबा."

"असेल. मला सापडत नाहीये."

लेकीचा चेहरा उतरला. बाबांनी खिशातून फोटो काढला. अंगठा थेट माझ्यावर आला. "ही बघ. हिच्या वर डोळे, हिच्या खाली हसू. इथूनच मी जातो तिच्याकडे."

मशीनवाल्याने डोकं खाजवलं. "काका, मिशीसकट कोरू?"

"कोर बाबा. इतकी वर्षं तशीच घेऊन हिंडलोय."

त्याने मला परत आणलं. बारीक केलं. "उथळ कोरतो. डोळ्याला दिसायची नाही फारशी, हाताला लागेल."

आता मी बाबांच्या खुर्चीशेजारी, हात पोचेल अशा उंचीवर आहे. पाहुणे वाकून बघतात आणि म्हणतात, "अरेरे, फळीला चीर गेली वाटतं!" ऐकून घेते. मीही आयुष्यभर स्वतःला मोडतोडच समजत आले ना!

सकाळी अंगठा येतो. माझ्यावर थांबत नाही हं, उगाच समज नको. मला धरून खाली उतरतो आणि हसण्यावर जाऊन टेकतो. म्हणून लेकीला एवढंच सांगणं आहे: बाई गं, माझ्यात धूळ साचते, अधूनमधून कोरडा ब्रश फिरवत जा. मी बुजले तर त्यांनी जायचं कुठून?