कॉलनीचा शून्य

शहरात नशेच्या गोळ्या कुठं वाढल्यात हे लोकांना विचारून कळत नसतं. विचारायला जावं तर सगळी देवमाणसं! म्हणून आमच्या संस्थेनं परभणीतला कचरा तपासायचं ठरवलं, आणि ते झेंगट माझ्या गळ्यात पडलं. दर शनिवारी घंटागाडीवरच्या बाया गोळ्यांची रिकामी पाकिटं वेगळ्या पिशवीत आणून द्यायच्या. मी मोजायची, वस्तीवार तक्ता भरायची.

तीन महिन्यांत सगळीकडं आकडा चढला. आमच्या कॉलनीचा मात्र उतरत उतरत शून्यावर आला. मला केवढा माज! साहेबांना म्हणाले, "सर, शिकलेल्यांची वस्ती आहे. संस्कार असतात." समुपदेशन केंद्रासाठी वस्त्यांची यादी निघाली, तेव्हा आमची कॉलनी मीच खोडली.

काल आमच्या कॉलनीच्या गाडीवरच्या दगडाबाईंनी पुन्हा रिकामी पिशवी दिली. पण पदराआड दुसरी वाजली.

"ते काय आहे?"

"काय न्हाई, मॅडम. तुमी नका बघू."

मी भडकले. "माझा तक्ता खोटा पाडता का?" म्हणत पिशवी हिसकलीच. आत पाकिटंच पाकिटं. बरीचशी वहीच्या कागदात गुंडाळलेली, कागदावर राज्यघटनेची कलमं, हिरव्या शाईत. हिरवा पेन आमच्या घरात एकटी स्वरदा वापरते. माझी लेक, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पोरगी झोपत नाही, इतकी वाचते, असं मी गल्लीभर सांगत होते. अगं बाई गं!

दगडाबाई रडकुंडीला आल्या. "पोरीची जात, मॅडम. कागदावर नाव चढलं तर सोयरीक कशी जमायची? आन् तुमचं झाकून दुसऱ्याचं कसं उघडं करू? म्हणून समद्यांचंच ठेवून घ्यायले."

तक्त्यात नावं नसतातच. हे त्यांना सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मला माझाच संताप आला.

तिथंच बसून मोजली. एकशे बारा. शून्य खोडून आकडा लिहिला, साहेबांना फोन करून कॉलनी यादीत घातली, आणि स्वरदाची पाकिटं घेऊन घरी आले.

ती टेबलाशी बसली होती. मी पिशवी वहीवर ठेवली. ओरडायचं ठरवून आले होते, पण खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

तिनं पिशवी उघडून आत पाहिलं.

"आई, तू मोजलीस?"

"मोजली."

"मग सांग ना किती झाली. मला आता आठवत नाही."